एक गिअर पुढे, पाच मागे

टोचनमामांनी एकदा ठरवलं की ठरवलं. मग त्यांना अडवायची ताकद फक्त दोघींत होती. एक मामी आणि दुसरी थोरली. मामी म्हणजे त्यांची बायको. थोरली म्हणजे त्यांची टोचन गाडी, वडिलांच्या वेळची, मागे लोखंडी क्रेन असलेली, रस्त्यात बंद पडलेली वाहनं ओढून आणणारी. मामी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा ही अंगणात उभीच होती. नवरा सकाळी उठून आधी तिचं बॉनेट पुसायला जातो हे पाहून मामींनी पहिल्याच महिन्यात तिचं नाव थोरली ठेवलं, आणि धाकटेपणा स्वतःकडे घेऊन त्या मोकळ्या झाल्या.

या थोरलीच्या इंजिनाने मान टाकली. तीही कधी, तर घाटाच्या पायथ्याशी टोचन गाडी उभी करायला रस्ते खातं कायमची जागा देणार, अशी बातमी आली त्याच आठवड्यात. चाचणी व्हायची होती. ज्याची गाडी वाळू भरलेली लॉरी घाटाच्या माथ्यावर ओढून नेईल, त्याला जागा. घाटात रोज काही ना काही बंद पडतच असतं, म्हणजे जन्माची ददात मिटली.

आणि जागा नाही मिळाली तर? तर मेहुण्याचं दुकान. मामींचा हा धाकटा भाऊ गाद्या विकायचा. त्याने दाजींसाठी काम शोधूनही ठेवलं होतं. गिऱ्हाईक आलं की दाजींनी गादीवर आडवं व्हायचं, एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, आणि समाधानाने डोळे मिटायचे. "तुमच्यासारख्या वजनदार माणसाला गादीने पेललं, की गिऱ्हाईक डोळे झाकून घेईल," असं तो अगदी प्रेमाने सांगायचा. टोचनमामांना दिवसाढवळ्या घाम फुटायचा. ज्या माणसाने इतकी वर्षं दुसऱ्यांना ओढलं, त्याने काचेच्या मागे झोपून दाखवायचं!

"इंजिन बदलू," टोचनमामा म्हणाले. "थोरली अशी पळेल की बघत राहाल." मामींनी भावाला तिथल्या तिथे सुनावलं, की त्यांना जमेल, तू तुझ्या गाद्या सांभाळ. हे बोलताना त्यांच्या मनात धाकधूक होती, पण तोंडावर नव्हती.

आता इंजिन कुठलं घालायचं यावर मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये बैठक बसली. मिस्त्रींचं मत लॉरीच्या इंजिनाला. मजबूत, सुटे भाग कुठेही मिळणारं, आणि त्यांचे हात आयुष्यभर लॉरीतच काळे झालेले. मेहुण्याचं मत जीपच्या छोट्या इंजिनाला, कारण ते तेल कमी पितं. शिवाय पुढेमागे थोरली गाद्या पोचवायला लागली तर बरं, हे त्याने मनातच ठेवलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

टोचनमामांनी दोन्ही मतं शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "माझी बस."

ही बस म्हणजे टोचनच्या धंद्यात पडण्याआधी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवलेली एका कंपनीची बस. ती आता भंगारवाल्याच्या आवारात गवतात बसली होती. सगळे तिथे गेले. टोचनमामा आपल्या जुन्या सीटवर बसले, किल्ली फिरवली, आणि इतकी वर्षं गप्प असलेलं इंजिन पहिल्याच झटक्यात बोलू लागलं. टोचनमामांचे डोळे भरून आले. "ओळखलं मला," एवढंच ते म्हणाले. भंगारवाल्याने आदल्या दिवशीच त्यात नवी बॅटरी टाकली होती, पण अशा वेळी खरं सांगायचं नसतं हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं.

मिस्त्रींनी मान्य केलं की इंजिन धडधाकट आहे. ते घेऊ, पण गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल थोरलीचाच ठेवू, मधे एक जोडपट्टी बसवली की झालं. टोचनमामा उसळले. इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांनी सगळा जन्म एकमेकांच्या आधाराने काढला, आता म्हातारपणी त्यांची ताटातूट करायची? ते म्हणाले की जोडी मोडायची नाही, मी असलं पाप करणार नाही. मामींना हे बोलणं फार आवडलं. त्यांनी मिस्त्रींकडे असं पाहिलं, की तो बिचारा माणूस पाना उचलून कामाला लागला.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगून ठेवतो, जी त्या गॅरेजात कुणाच्याच डोक्यात आली नाही. त्या बसचं इंजिन मागच्या बाजूला होतं. टोचनमामांना ते माहीत होतं, मिस्त्रींनी तर ते मागूनच काढलं होतं. पण काढलं, गॅरेजात आणलं, आणि थोरलीच्या पुढच्या बाजूला बसवलं. बसमध्ये अ‍ॅक्सलचं तोंड मागे इंजिनाकडे होतं, तेही फिरवून पुढे केलं. सगळं कसं चपखल बसलं. एकही बोल्ट उरला नाही, म्हणून मिस्त्री तर फारच खूश होते.

चाचणीच्या आदल्या दिवशी दुपारी थोरली तयार झाली. मेहुणा गाद्यांनी भरलेला टेम्पो घेऊन बघायला आला आणि त्याने टेम्पो नेमका थोरलीच्या मागे लावला. समोर गॅरेजचं फाटक सताड उघडं. टोचनमामांनी इंजिन चालू केलं, छाती पुढे काढली, पहिला गिअर टाकला आणि क्लच सोडला.

थोरली मागे गेली. टेम्पोला टेकून उभा असलेला मेहुणा टुणकन बाजूला उडाला, टेम्पोची कडी तुटली आणि वरच्या दोन गाद्या त्याच्या अंगावर आल्या. टोचनमामांना वाटलं, गडबडीत रिव्हर्स पडला. त्यांनी घाईघाईने दुसरा टाकला आणि पुढे पळण्यासाठी जोरात ॲक्सिलरेटर दाबला. थोरली दुप्पट उत्साहाने मागे आली. या वेळी अख्खा टेम्पो रिकामा झाला आणि मेहुणा दिसेनासा झाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्यावर स्वतःचा माल वापरायची पाळी आली होती. मऊ माल असल्यामुळे खरचटलं सुद्धा नाही, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

मिस्त्री गाडीखाली शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी टोचनमामांना कोपऱ्यात ओढलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. मागच्या इंजिनाचा अ‍ॅक्सल फिरवून पुढच्या इंजिनाला लावला, की चाकं उलटी फिरणार. पाचही गिअर आता मागे नेणार, आणि पुढे जायचं असेल तर फक्त रिव्हर्स. सरळ करायचं तर सगळं पुन्हा उघडावं लागेल. उद्या सकाळपर्यंत ते होणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात गाद्यांच्या ढिगातून मेहुण्याचं डोकं वर आलं. "दाजी, एकदा चुकून लागतं. दुसऱ्यांदा काय?"

 खरं सांगावं तर थोरली कामातून गेली, आणि गादीवर आडवं व्हायचं नक्की. खरं सांगू नये तर काय सांगावं? टोचनमामांनी मिस्त्रींकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, ते ताठ मानेने म्हणाले, "मुद्दाम मारली."

ही बातमी टोचनमामांच्या आधी घरी पोचली. ते तरी काय करणार? पुढे नेणारा एकुलता एक गिअर माणसाच्या चालीने चालत होता. वाटेत एक म्हातारेबुवा काठी टेकत त्यांच्या बरोबरीने चालले, विचारपूस केली, आणि पुढे निघून गेले. सगळ्यांना टोचनमामा सांगत होते की इंजिन नवं आहे, सांभाळून चालवतोय.

मामी दारातच उभ्या होत्या. भावाने त्यांना रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं होतं. त्यांनी एकच शब्द विचारला. "मुद्दाम?"

"हो," टोचनमामा जमिनीकडे बघत म्हणाले.

"बरं," मामी म्हणाल्या. मामींच्या 'बरं'चे बरेच प्रकार होते, आणि संसार करता करता टोचनमामा ते सगळे ओळखायला शिकले होते. हा प्रकार नवा होता. त्यात राग असता तर त्यांनी निभावून नेलं असतं, पण त्यात राग नव्हता. त्यात दुखावलेपण होतं. ज्या भावापुढे आपण नवऱ्याची बाजू घेऊन भांडलो, त्याच भावाला या माणसाने मुद्दाम धडक दिली, आणि वर दोनदा. जेवताना ताटात सगळं होतं, बोलणं तेवढं नव्हतं. टोचनमामांना त्या रात्री मऊ गादी सुद्धा टोचली.

सकाळी ते हळूच निघायला गेले, तर मामी आधीच थोरलीत बसलेल्या. साहेबांपुढे तुम्ही आणखी काय काय मुद्दाम करता ते मला बघायचंय, असं त्यांनी सांगितलं आणि पदर खोचला. टोचनमामांची पाचावर धारण बसली. घाट दूर होता. पुढच्या गिअरने गेलं असतं तर चाचणी संपून साहेब घरी जेवत असते. दुसरा उपाय नव्हता. त्यांनी थोरलीची पाठ रस्त्याकडे केली, तिसरा गिअर टाकला आणि थोरली सुसाट उलटी निघाली.

थोडा वेळ मामी समोरच्या काचेतून स्वतःचं घर लांब जाताना बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "गाडी उलटी का चाललीय?"

"मुद्दाम," टोचनमामा म्हणाले. एकदा हा शब्द तोंडात बसला की निघता निघत नाही.

क्रेनमुळे मागचं धड दिसत नव्हतं, आरसे थरथरत होते. एका वळणावर थोरली भाजीच्या हातगाडीला घासणार, तेवढ्यात मामींनी सीटवर गुडघे टेकले, मागच्या छोट्या काचेला नाक लावलं आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. भांडण आपल्या जागी, पण दुसऱ्याच्या भाजीचं नुकसान त्यांना बघवेना. मुख्य रस्त्यावर चौथा पडला. समोरून येणारे लोक आधी गाडी चुकवायचे, मग बघायचे, मग आणखी एकदा बघायचे. अशा रीतीने ही दोघं, एकमेकांशी न बोलता, नुसतं 'येऊ द्या, थांबा' करत घाटाच्या पायथ्याशी पोचली.

तिथे वेगळाच गोंधळ चालला होता. चाचणी राहिली बाजूला. उतरताना एक पाण्याचा टँकर वरच्या तिसऱ्या वळणावर बंद पडला होता. ब्रेकमध्ये दम नव्हता, चाकांना दगड लावून कसाबसा थोपवलेला. त्याच्या मागे वाहनांची रांग लागली होती. खालच्या अंगाला निम्मा रस्ता खणून ठेवलेला, उरलेल्या पट्टीत गाडी वळवायला जागाच नाही. म्हणजे टोचन गाडीने पायथ्यापासून उलटं चढायचं, टँकरचं तोंड पकडायचं आणि त्याला हळूहळू खाली आणायचं. रस्ते खात्याच्या साहेबांनी तिथेच जाहीर करून टाकलं, की जो टँकर खाली आणेल त्याला जागा देतो, वाळूची लॉरी गेली खड्ड्यात.

जागेसाठी आलेला दुसरा गडी काळा चष्मा लावून नव्याकोऱ्या गाडीत बसला होता. तो आधी निघाला. पण नव्याकोऱ्या गाडीलाही रिव्हर्स एकच असतो. इंजिन केकाटायला लागलं, क्लचचा वास पायथ्यापर्यंत आला, आणि पहिल्या वळणावरूनच तो परत आला. एका हाताने त्याने स्वतःची मान धरली होती. गाडी नवी आहे, असं तो म्हणाला. मान जुनी असावी.

साहेबांची नजर थोरलीवर गेली. ती आल्या आल्याच घाटाकडे पाठ करून उभी होती. साहेब चकित झाले. "बघा, हे घरूनच तयारीत आलेत."

 टोचनमामांनी पहिला टाकला, मग दुसरा, आणि थोरली उलट्या अंगाने घाट चढायला लागली. मामी पुन्हा काचेला चिकटल्या. एका हाताला खोल दरी, दुसऱ्या हाताला डोंगर, मधे थोरलीपुरता रस्ता.

"डावीकडे घ्या," मामी म्हणाल्या. टोचनमामांनी डावीकडे घेतलं. मागच्या चाकाखालून खडी सुटली आणि दरीत गेली. ती खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही.

"अहो, माझ्या डावीकडे."

"तुझं तोंड मागे आहे. तुझं डावं ते माझं उजवं."

"मग माझ्या तोंडाकडे बघू नका. मी डोंगराकडे म्हणाले की डोंगराकडे, दरीकडे म्हणाले की दरीकडे. कळलं?"

कळलं. त्यानंतर चुकायला वावच राहिला नाही. डोंगराकडे, दरीकडे, येऊ द्या, येऊ द्या, थांबा. एकदाच काय ते टोचनमामांनी मधेच ब्रेक दाबला, तेव्हा मामींनी मागे न वळता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "येऊ द्या. मी बघतेय ना," त्या म्हणाल्या. तो हात टँकर येईपर्यंत तिथेच राहिला. इतक्या मोठ्या संकटात असूनही टोचनमामांना फार बरं वाटलं. आदल्या दिवसापासून छातीवर बसलेलं ओझं थोडं हललं.

टँकरच्या तोंडाला साखळी लागली, दगड निघाले आणि उतरायची वेळ आली. आता काय करायचं ते थोरलीनेच करून दाखवलं. पुढे नेणारा तिचा तो एकुलता गिअर, म्हाताऱ्यांच्या चालीचा, अशा उतारासाठीच जन्माला आला होता. इंजिनानेच सगळं वजन धरून ठेवलं. बिनब्रेकचा तो अवाढव्य टँकर थोरलीच्या मागून असा उतरला, की आतलं पाणीही डचमळलं नसेल. पायथ्याशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. वरची रांग मोकळी झाली आणि प्रत्येक गाडीवाला जाताना हॉर्न वाजवून गेला.

साहेब धावत आले. त्यांनी गाडीच्या खाली वाकून पाहिलं, गिअर विचारले, सगळं समजून घेतलं आणि थक्क झाले. वर जायला पाच वेग, खाली यायला सगळ्यात दमदार गिअर. या घाटासाठी यापेक्षा चांगली रचना त्यांनी पाहिली नव्हती. "हे असं मुद्दाम करून घेतलंत तुम्ही?"

शब्द टोचनमामांच्या ओठांवर तयार होता. एवढा एक शब्द म्हटला की जागा त्यांची, वर हुशारीचा शिक्काही मिळणार. त्यांनी मामींकडे पाहिलं. मामी साडीवरची धूळ झटकत होत्या, इतकं मन लावून की धूळ कधीच संपली होती. हे मुद्दाम असेल तर भावाला दिलेली धडकही मुद्दामच, हे त्या माऊलीच्या मनात पक्कं बसणार होतं.

"नाही, साहेब," टोचनमामा म्हणाले. "चुकून झालं. जोडी मोडायची नाही म्हणून मीच हट्ट धरला आणि चाकं उलटी झाली. आणि काल हिच्या भावाला धडक बसली तीही चुकून. पुढे जायला गेलो आणि मागे आलो. दोन्ही वेळा. खरं सांगायची लाज वाटली."

मामींची धूळ झटकणं थांबलं. "बरं," त्या म्हणाल्या. हा 'बरं' टोचनमामांच्या ओळखीचा होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी बसमधून मामींना फिरवून आणलं होतं, तेव्हा हाच ऐकला होता. मग मामींना हसू आवरेना. गाद्यांच्या ढिगातून वर आलेलं भावाचं डोकं आता कुठे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं.

साहेबांनी मात्र यातल्या एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. खरे गुणी लोक असेच बोलतात, असं त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं आणि जागा टोचनमामांना देऊन टाकली. फक्त एक अट घातली. गाडी उलटी चढणार, मागचं दिसत नाही, तेव्हा काचेपाशी एक माणूस कायम हवा, आणि तो म्हणेल तेव्हाच गाडीने हलायचं नि तो म्हणेल तेव्हा थांबायचं. "या बाईंचं काम मी डोळ्यांनी पाहिलंय," साहेब म्हणाले. "याच राहतील. गाडीवर शब्द यांचा."

टोचनमामा घरी जायला थोरलीत बसले. छाती भरून आली होती. जिंकलो, ते मनाशी म्हणाले. गादीवर आडवं व्हायचं टळलं, आता आपण कुणाच्या हाताखाली नाही. त्यांनी रुबाबात गिअर टाकला.

"मी म्हणाले का, निघा म्हणून?" मागच्या काचेला नाक लावून मामींनी विचारलं.

टोचनमामांनी गिअर काढला आणि हात मांडीवर ठेवून मुकाट्याने वाट बघत बसले.